डोंग्यासाठी आणलेली लाल वायर

मी एकदा लोखंडी नावेला ट्रॅक्टरच्या हिशोबाने वायर लावली. ज्याला यातलं कळतं तो इथेच कपाळाला हात लावेल. ज्याला कळत नाही त्याने माझ्याबरोबर यावं, मलाही तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मी लहान होते. म्हणजे पंचावन्नची. त्या वयात बाईला वाटतं की आता आपल्याला सगळं समजतं, आणि घरातले तिला तसं वाटू देतात, कारण त्यांना वेळेवर जेवायचं असतं.

त्या पंचावन्न वर्षांच्या पोरीचं काय सांगू! वडनेरच्या सासरी आमची वांगी, पालक, फुलकोबीची शेती. विहिरीवर मोटर. मोटर बंद पडली की आमचे हे वायरमनला फोन लावून बांधावर बसत, आणि वायरमन "निघालोच" म्हणून दुपारपर्यंत निघतच राही. तोवर पालक माना टाकी. एकदा मीच पायात रबरी चप्पल घालून, लाकडी फळीवर उभी राहून फ्यूजची तार बांधली. मोटर सुरू झाली आणि माझं डोकं बिघडलं. पुढे मी स्टार्टर उघडायला लागले, ट्रॅक्टरचे दिवे जोडायला लागले, शेजारणीचा मिक्सरही खोलला. (तो परत कधी फिरला नाही, पण तो जुनाच होता.) गावातले मला वायरमनीणबाई म्हणायचे. ते चिडवत होते हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी पदर खोचून पुढे व्हायची.

माझं माहेर धरणाच्या पाण्याकाठी. आधी नव्हतं; पाणीच त्याच्याकडे चालत आलं. धरण भरलं तसं गाव उठलं. लोकांना नव्या गावठाणात प्लॉट मिळाले, देऊळ तिकडे गेलं, बुद्धविहार तिकडे गेला, शाळाही गेली. माझ्या धाकट्या भावाचं शेत मात्र उंचवट्यावर होतं. ते बुडीताच्या रेषेबाहेर राहिलं. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला झुडपी जंगलातली बैलगाडीची वाट. बुडालं असतं तर मोबदला मिळाला असता. वाचलं, म्हणून काहीच मिळालं नाही.

भाऊ आणि भावजय त्या शेतातच घर करून राहिले. वांगी, भेंडी, सांभार लावायचे. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या वाचकांनी डोसा आठवू नये. पण बाजार पाण्याच्या पलीकडे. जुना रस्ता पाण्याखाली गेलेला, आणि जंगलातून वळसा घालून जायचं तर सांभार बाजारात पोचेपर्यंत पिवळा पडे. भावाचा मुलगा वर्ध्याला नालवाडीत खोली घेऊन राहायचा, नोकरीवर होता. तो दर वेळी म्हणे, आता बस झालं, इकडे या. भावाचं जाऊ का राहू चाललं होतं.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. त्याने एकदा मला विचारलं, "बाई, तू सांग. जाऊ काय?"

मी म्हणाले, "तू गेला तं मी दिवाळीले कोठी येऊ? नालवाडीच्या खोलीत? एक दार तं राहू दे बापा माहेराचं."

हे मी फार मायेने बोलले, असं मला तेव्हा वाटलं. डोळ्यांत पाणीबिणीही आणलं होतं. तो गप्प बसला. आमच्या घरातले पुरुष गप्प बसले की आम्ही बायका त्याला होकार समजतो.

मग त्यानेच तोड काढली. धरणाच्या कामावर कंत्राटदाराने एक लोखंडी डोंगा आणला होता, माणसं आणि सिमेंट नेण्यासाठी. काम संपल्यावर तो काठावर उपडा टाकून ते निघून गेले होते. भावाने कोणाकोणाला विचारून तो घेतला, उताणा केला, आतून बाहेरून डांबर लावलं, आणि शेतावरचं जुनं डिझेल इंजिन त्यावर बसवलं. हँडल मारलं की इंजिन सुरू व्हायचं. पण बाजार पहाटे भरतो. पाण्यात बुडालेल्या बाभळी आणि लिंबाची झाडं मेलेली उभी होती, बोटं वर केल्यासारखी. अंधारात त्यांच्यावर आदळलं की संपलं. म्हणून पुढे दिवा पाहिजे. आणि लोखंड जुनं, जोडांतून पाणी झिरपायचं, म्हणून तळाशी पाणी उपसणारा डबीएवढा बॅटरीवरचा पंप पाहिजे. दिवा होता, पंप होता, भोंगाही होता, सोलरवर चार्ज होणारी ट्रॅक्टरची बॅटरी होती. डोंग्यातली जुनी वायर मात्र उंदरांनी खाल्लेली.

"वायर मी आणते," मी म्हणाले. "तू बोलू नको. तुले त्यातलं कळत नाही."

भाऊ म्हणाला, "तुले डोंग्यातलं कळते काय?"

"करंट सारा एकच असते."

हे वाक्य माझ्या पाटीवर कोरून ठेवावं असं आहे.

वर्ध्याला बाजारात विजेच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे मी गेले. पिशवीत टेस्टर घेऊन गेले होते, जसा डॉक्टर गळ्यात ते घालून फिरतो. दुकानात चार गिऱ्हाइकं, दुकानदार शिडीवर. मी खालून ओरडले, "बोटीसाठी वायर पाह्यजे."

शिडीवरचा माणूस वरच थांबला. "कशासाठी, मावशी?"

"बोटीसाठी. पाण्यातल्या."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "वर्ध्यात समुद्र आला काय, भाऊ? मले कोणी सांगतलंच नाही."

"आला," मी म्हणाले. "तुही सासरवाडी बुडाली पहा."

सगळे हसले. मला बरं वाटलं. लोक हसले की मला बरं वाटतं, हा माझा जुना रोग आहे, आणि तुमच्या लक्षात आलंच असेल की तो अजून बरा झालेला नाही.

दुकानदार खाली आला. त्याने घराच्या भिंतीतली वायर दाखवली. आत एकच जाड तार असलेली. मी वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली, तार तुटली. "डोंगा दिवसभर थरथरते इंजिननं," मी म्हणाले, "ही आठ दिवसात तुटन." हे खरं होतं. एवढं मला खरंच कळत होतं, आणि तेच वाईट झालं. माणूस पूर्ण अडाणी असला तर विचारतो तरी.

मग त्याने बारीक तारांच्या जुडग्याची वायर काढली. मी तिचं टोक दाताने सोललं. आमच्याकडे वायर अशीच बघतात, दाताने सोलायची, तारा चिमटीत पिळायच्या, नखाने खरवडून आत तांबं आहे की वरून रंग दिलाय ते पाहायचं, मग काडी ओढून वरचं रबर जाळायचं आणि वास घ्यायचा. चांगलं रबर लवकर विझतं. हलकं असलं तर मेणबत्तीसारखं जळत राहतं. दुकानदार काडीपेटी काढून उभाच होता, त्याला सवय होती. एक हलकी निघाली, ती मी त्याच्याकडे परत ढकलली. दुसरी अडीच एम.एम.ची, लाल. जुडगं भरगच्च, तांबं लालसर, रबर क्षणात विझलं. मी ती बोटावर गुंडाळून पाहिली. सुनेच्या हातात बांगडी भरताना बघतात तशी.

"हीच द्या. लाल कॉइल."

"लाल दिली," तो म्हणाला. "काळी किती मीटर देऊ?"

"काळी कायले?"

"जाणारी लाल, येणारी काळी. मावशी, दोन लागतील ना."

आता माझं ज्ञान ऐका. ट्रॅक्टरमध्ये दिव्याला एकच वायर जाते. बॅटरीचं दुसरं टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेलं असतं, त्यामुळे करंट वायरने जातो आणि लोखंडातून परत येतो. हे मी स्वतःच्या हाताने जोडलं होतं. डोंगा लोखंडी, ट्रॅक्टर लोखंडी. मग दुसरी वायर कशाला?

"येणारी कायले पाह्यजे?" मी दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले. "ट्रॅक्टरले कोठी असते येणारी?"

दुकानदार म्हणाला, "मले बोटीचं काही माहीत नाही, मावशी. जिंदगीत विकली नाही बोटीले. पण ट्रॅक्टर पाण्यात नाही राहत."

"चिखलात तं राहते!"

पुन्हा सगळे हसले. तोही हसला आणि लाल कॉइल कागदात गुंडाळायला लागला. मी जिंकले. एस.टी.त खिडकीजवळ बसून मी ती कॉइल मांडीवर घेतली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं अशी वाट बघत होते. कोणी विचारलं नाही. मीच शेजारच्या बाईला सांगितलं, "डोंग्याची हाय." ती सरकून बसली.

जोडणी मीच केली. भावाला फक्त धरायला सांगितलं. लाल वायर पुढच्या दिव्यापर्यंत नेली, तळाच्या पंपापर्यंत नेली, भोंग्यापर्यंत नेली. आता परतीचं टोक लोखंडाला जोडायचं तर लोखंड उघडं लागतं, आणि इथे तर जाड डांबर. मी कानस घेतली आणि दिव्याखाली, पंपाजवळ, मागच्या बाजूला डांबर खरवडायला लागले. खाली चकचकीत लोखंड दिसलं की मला आनंद व्हायचा. तिथे बोल्टखाली उघडं तांबं आवळून टाकायचं.

भाऊ म्हणाला, "बाई, डांबर नको काढू. थेच पाणी रोखून राह्यलं."

"नखाएवढं काढते रे."

"नखाएवढंच भोक पडते."

"तू भाजी लाव," मी म्हणाले. "वायरिंग माह्यावर सोड."

दिवा लागला. पंपाने गुरगुर करून तळाचं पाणी बाहेर फेकलं. भोंगा वाजला तेव्हा भावजय घरातून धावत आली आणि तिने डोंग्यासमोर नारळ फोडला. तिने मला तेव्हा हळूच विचारलं, "बाई, आता आमचं जाणं नाही होत ना?" मी म्हणाले, "आता कायले जाता!" ती हसली नाही. मी म्हटलं, बिचारीला आनंदाने सुचलं नाही.

पहिल्या पहाटे मीही डोंग्यात बसले. पुढे दिव्याचा पट्टा पाण्यावर पडला होता आणि मेलेली झाडं एकेक करून उजेडात येऊन मागे जात होती. सांभाराच्या जुड्या ओल्या पोत्याखाली. भाऊ मागे सुकाणू धरून. त्याने एका झाडाकडे बोट दाखवलं, "हे आपलं लिंबाचं." आमच्या अंगणातलं लिंबाचं झाड, कडुनिंब. एक फांदीही उरली नव्हती. मी म्हणाले, "पाह्य, दिवा कसा पडून राह्यला!" माझं लक्ष दिव्याकडे होतं.

त्यानंतर मी वडनेरला परत आले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डोंग्याची गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी दुकानदाराचं वाक्य जरा लहान होत गेलं आणि माझं मोठं.

राखीला गेले तेव्हा दिवा पिवळट झाला होता. इंजिनाच्या थरथरीबरोबर मिचमिचायचा. मी बॅटरीत पाणी टाकायला सांगितलं. पंप सुरू होताना आधी थांबायचा, मग नाराजीने चालायचा. मी त्याला चापट मारली, तो चालला. तळाशी वाकून माझे जोड बघावेत, हे डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी वाकले नसते, कंबर धरली होती, आणि आपण जोडलेलं परत काय बघायचं? "बॅटरी बदल," मी म्हणाले. भाऊ "हो" म्हणाला. तो त्या वर्षी सगळ्यालाच हो म्हणायचा. घराच्या मागची वांग्याची एक पट्टी पडीक दिसली. मी विचारलं, तर म्हणाला, "एकट्यानं नाही होत, बाई." मी म्हटलं, माणूस लावावा. माणूस कुठून यायचा त्या पाण्यात, ते मी नाही सांगितलं.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी त्या जंगलाच्या वाटेने ओळखीच्या ऑटोतून हाडं मोजत पोचले. अंगणात भावजय बसली होती, हातात काही काम नव्हतं. तिला काम नसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "डोंगा बसला, बाई. काल सकाळी पाह्यलं तं दिवा तेवढा पाण्यावर."

मी काठावर गेले. पाणी अगदी शांत होतं. दिव्याची लोखंडी दांडी आणि वरची काच तेवढी दिसत होती. बाकी डोंगा बांधल्या जागीच खाली बसला होता. भाऊ दगडावर बसून बघत होता.

"माल होता काय आत?"

"नाही. परवा बाजार नव्हता केला."

"आन् बॅटरी?"

"बॅटरी घरी हाय. काढून ठेवली होती."

मी म्हणाले, बरं झालं, बॅटरी तरी वाचली. मग मी माझ्या सवयीप्रमाणे बोलायला लागले, की ट्रॅक्टर लावून ओढू, पाणी उपसू, नवीन पंप घेऊ. तो ऐकत होता. ओवाळून झालं, करंजी खाऊन झाली, मी अजून बोलतच होते. शेवटी तो म्हणाला, "बाई, चाय घे, थंडी होते." चहाच थंड होत होता.

डोंगा काढायला कोणी आलं नाही. ट्रॅक्टरवाला म्हणाला काठावर चिखल आहे, फसेल. दिवाळी संपल्यावर भावाचा मुलगा गाडी घेऊन आला, भांडी, गाद्या, दोन शेळ्या भरल्या. शेळ्या नालवाडीत ठेवायला जागा नव्हती, त्या नंतर विकल्या. मी फोनवर म्हणाले, "थोडे दिवस राहा अजून." मुलाने फोन घेतला आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही येता काय राहायले तथी?" मी म्हणाले, नेटवर्क नाही.

उन्हाळ्यात पाणी हटलं. मी एकटीच गेले, कोणाला न सांगता. घराचे पत्रे कोणी काढून नेले होते. शेतात वांग्याची वाळलेली खोडं आणि त्यात तरोट्याचं तण उगवून सुकलेलं. डोंगा तडकलेल्या चिखलात एका बाजूला कलंडून पडला होता. मी चप्पल काढून आत उतरले आणि वाकले. या वेळी वाकले.

जिथे जिथे मी डांबर खरवडलं होतं तिथे लोखंड राहिलंच नव्हतं. उघड्या लोखंडाला तांबं आवळलेलं, वरून रात्रंदिवस पाणी. ट्रॅक्टर चिखलातून येऊन वाळतो, डोंगा कधीच वाळत नाही. लाल गंजाचे पापुद्रे बोटाने निघत होते. पंपाजवळच्या जोडाखाली बोट घातलं तर ते आरपार गेलं आणि खालच्या चिखलाला लागलं. जोडच गंजल्यामुळे पंपाला करंट मिळत नव्हता, आणि त्याच जोडाशेजारून पाणी आत येत होतं. मी पाणी आत घेणारी आणि ते उपसणारी दोन्ही गोष्टी एकाच बोल्टला बांधल्या होत्या. असं काम सगळ्यांना नाही जमत.

मी तिथे बराच वेळ बसले. उकाडा होता. एक टिटवी ओरडत होती, मला हाकलत होती. माझ्या माहेरात मला हाकलायला तीच तेवढी राहिली होती.

तिथून मी सरळ नालवाडीला गेले. भाऊ खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, समोर सिमेंटचा रस्ता आणि शेजाऱ्याची भिंत. भावजय आत कुणाच्या तरी ब्लाउजची तुरपाई करत होती. तो वाळला होता. मी म्हटलं, एवढ्यात कसा वाळला? तो म्हणाला, "बसून बसून."

मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न हसवता सांगितलं. दुकानदार दोन वायरी देत होता, मी एकच घेतली. तू डांबर काढू नको म्हणत होतास, मी काढलं. भोकं माझ्याच जोडांखाली आहेत. तुझं शेत माझ्यामुळे गेलं, तुझा डोंगा माझ्यामुळे बुडाला, मला दोन शिव्या दे.

दारातून दिसलं, आत भावजयीची सुई थांबली होती. मग तो म्हणाला,

"मले दिसलं होतं, बाई. पोळ्याच्या आधीच दिसलं होतं, तथी पाणी येऊन राह्यलं म्हणून. पण तुले सांगतलं असतं तं तू दुसऱ्या दिवशी काळी वायर घेऊन आली असती. आन् मंग आमाले आणखी एक साल तथी राहा लागलं असतं."